बॉडीबदल, जुन्या मोटारींतील (ग्रामीण विदर्भ)

जुनी मोटार पुन्हा उभी करताना मूळ बॉडीच्या आकारात वा मापात केलेला बदल. ग्रामीण विदर्भात असे काम मुख्यतः जीपवर होते. अँबॅसिडर, फियाट यांवर त्या मानाने थोडे. मागचा हौदा लांबवून समोरासमोर बाक बसवणे, कापडी हुडाच्या जागी पत्र्याचे छत आणि रुंद टायरांसाठी फाकवलेली मडगार्डे हे नेहमीचे प्रकार. यांतील पहिला बहुधा ‘काळी-पिवळी’च्या (भाड्याने चालणाऱ्या सामायिक जीपच्या) प्रवासी वाहतुकीने रुळवला.

‘युद्धातली जीप’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या गाड्यांच्या मूळाविषयी दोन मते आहेत. एक त्यांना दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या गाड्या मानते, तर दुसरे 1947 पासून महिंद्राने जुळवलेल्या विलीज जीपांकडे बोट दाखवते. बहुतेक गाड्यांपुरते दुसरे अधिक ग्राह्य वाटते. केवळ बॉडी पाहून निर्णय देणे मात्र धोक्याचे, कारण बदल करताना नेमक्या ओळखीच्या खुणाच जातात. विलीज एमबी व फोर्ड जीपीडब्ल्यू या युद्धकालीन जीपांच्या समोरच्या, दाबीव पत्र्याच्या जाळीत 9 खाचा असतात. सीजे-2ए या विलीजच्या नागरी जीपपासून त्या 7 झाल्या. मागे उघडणारे फाळकेही नागरी जीपलाच आले. सीजे-3बी या नंतरच्या नागरी जीपचे बोनेट उंच, कारण तिच्या एफ-हेड इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (इंधन आत घेणाऱ्या झडपा) वर, हेडमध्ये गेले. जाळी, फाळके, बोनेट ही तिन्ही एका गाडीची काढून दुसरीला चढवता येतात. चेसिसचा पुढचा आडवा दांडा सहसा कोणी बदलत नाही. एमबीत तो गोल नळीचा, तर जीपीडब्ल्यूत उलट्या ‘यू’ आकाराचा असतो. कागदांवरून वय काढताना हेही ध्यानात घ्यावे, की 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी विदर्भ मध्य प्रदेशात होता, म्हणून त्याआधीची नोंदणी त्या राज्याची असेल.

गंज बहुधा फरशी व मडगार्डाच्या सांध्यांत धरतो. काळ्या मातीचा चिखल तिथे अडकून ओल टिकवतो. सडका पत्रा निरोगी धातूपर्यंत कापून ठिगळ लावतात. सलग गॅस वेल्डिंगने पत्रा वाकडा होतो, म्हणून अंतराअंतरावर टाके घालून, डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) व हातोडीने सरळ करत सांधा पुरा करतात. लांबीचा (पुट्टीचा) जाड थर भरून झाकलेला खड्डा लोहचुंबक लावताच उघडा पडतो. रंगकाम नेहमीप्रमाणेच.

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ बनावटीपासून बदलेल असा फेरफार करता येत नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ आणि मूळ स्वरूप या दोन्ही अटी आहेत. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे टिकते. म्हणजे हौदा लांबवलेली जीप, कितीही जुनी असली, तरी या व्याख्येत बसणे कठीण. कापलेला मूळ पत्रा भंगारात न घालता गोठ्याच्या माळ्यावर टाकून ठेवणारा मालक म्हणूनच फायद्यात राहतो.