यादीतल्या प्रजाती आणि रानातली विविधता

अभयारण्याच्या फलकावर ‘येथे वनस्पतींच्या इतक्या प्रजाती आढळतात’ असं वाचलं की आपण त्यालाच विविधता म्हणून मोकळे होतो. तो आकडा फक्त प्रजातींची संख्या सांगतो. विविधता काढायची तर आणखी एक हिशेब लागतो: कोणाच्या वाट्याला किती झाडं आली.

समजा, शंभर-शंभर झाडांचे रानाचे दोन तुकडे आहेत आणि दोन्हींत दहाच प्रजाती. पहिल्यात प्रत्येकीची दहा झाडं. दुसऱ्यात 91 अंजनीची आणि उरलेल्या नऊ प्रजातींचं एकेकच. यादी दोन्हींची सारखीच लांब. पण डोळे मिटून कोणतीही दोन झाडं निवडली, तर ती एकाच प्रजातीची निघण्याची शक्यता पहिल्या तुकड्यात 9 टक्के आणि दुसऱ्यात जवळपास 83 टक्के. विविधता मोजणारा सिम्प्सन निर्देशांक याच हिशेबावर उभा आहे: ही शक्यता एकातून वजा करायची, म्हणजे आकडा जितका मोठा तितकी विविधता जास्त.

अंजनी मुद्दाम घेतली. महाबळेश्वर-कोयनेच्या माथ्यावरचं सदाहरित रान अंजनी, जांभूळ आणि पिसा या तिघांच्या नावानेच ओळखलं जातं. यादीत बाकीची नावं पुष्कळ भरतील, तरी खोडं मोजायला बसलात तर हीच पुन्हा पुन्हा समोर येतात.

आता खरी मोजणी बघू. पनामातलं बारो कोलोराडो बेट 1923 पासून राखीव आहे. तिथे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला 50 हेक्टरांतलं एक सेंटिमीटर आणि त्याहून जाड प्रत्येक खोड मोजलं गेलं. दोन लाखांवर खोडं, सुमारे 300 प्रजाती. तमिळनाडूतल्या मुदुमलाईत भारतीय विज्ञान संस्थेच्या रामन सुकुमार यांच्या गटाने 1988 मध्ये तेवढाच तुकडा त्याच पद्धतीने आखला. तिथे प्रजाती सत्तरच्या आसपास, खोडं सव्वीसेक हजार.

क्षेत्र आणि जाडीची अट सारखी आहे म्हणून ही तुलना निदान सुरू तरी करता येते. एरवी कुणी फक्त झाडं मोजतं, कुणी गवत, वेली, नेचे, आमरीसुद्धा. पण इथेही एक मेख आहे. बेटावर खोडंच आठ-नऊपट असल्यावर प्रजाती जास्त सापडणं काही अंशी ओघानेच आलं. त्यामुळे अभ्यासक दोन्हीकडची समान खोडं धरून किती प्रजाती निघतील हेही ताडून पाहतात. बेटावरची वाटणीही काही समान नाही. हायबॅन्थस नावाचं एक झुडूप हजारोंनी आहे, आणि काही प्रजातींचं सबंध 50 हेक्टरांत एकच झाड.

मुदुमलाईतली पुढची गोष्ट तर फारच बोलकी. सुरुवातीला तिथे सगळ्यात जास्त होतं वारंग नावाचं झाड. हत्ती त्याची साल सोलतात, खोडं मोडतात. वणव्यांचाही हातभार असतो. वारंग झपाट्याने घटला. काही झाडं उरली, म्हणजे यादीत त्याचं नाव कायम आणि प्रजातींची संख्या त्याच्यापुरती जशीच्या तशी. वर गंमत अशी, की सगळ्यात दांडगी प्रजाती खाली आली की वाटणी समान होते आणि निर्देशांक चढू शकतो, एकही नवं रोप न रुजता. चढत्या निर्देशांकावरून ‘जंगल सुधारलं’ असं सांगणारे अहवाल म्हणूनच मला पटत नाहीत; कोणती प्रजाती किती घटली याचा तक्ता शेजारी हवाच.