ऑक्सिजन सेन्सर: दिवा लागला म्हणजे तोच बिघडला असं नाही

"दादा, सेन्सर बदलून पंधरा दिवस नाही झाले, तोच दिवा परत लागला!" मावसभाऊ वैतागला होता. इंदूरच्या लोकमान्यनगरातून राऊमार्गे तो रोज पीथमपूरला कामावर जातो. गाडीचं अ‍ॅव्हरेज घसरलं, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला, म्हणून त्यानं गाडी गॅरेजला दाखवली. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड आला पी ०१७१, म्हणजे इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मेकॅनिकनं ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला; हा सेन्सर धुरात किती ऑक्सिजन आहे ते कॉम्प्युटरला सांगतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो, इंजिन अजून गार असताना.

हा सेन्सर नेमका असतो कुठे? बॉनेट उघडून इंजिनातून निघणारे धुराचे पाइप शोधा. ते जिथे एकत्र येतात तो मॅनिफोल्ड. तिथे किंवा त्याच्या जरा पुढे स्पार्क प्लगसारखी दिसणारी, पण मागून वायरी निघालेली वस्तू आटे फिरवून बसवलेली असते. हा पहिला सेन्सर. दुसरा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) पलीकडे असतो आणि बहुतेकदा गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. स्कॅनरवर 'बँक १, सेन्सर १' असं आलं, तर बँक १ म्हणजे पहिला सिलिंडर ज्या बाजूला आहे ती बाजू. सेन्सर १ कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर २ नंतरचा. आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांत बँक सहसा एकच असते.

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची छोटी टोपी असते. तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर दिलेला असतो. आत बाहेरची स्वच्छ हवा, बाहेर इंजिनाचा धूर. साधारण ३०० अंशांच्या वर तापलं की हे सिरॅमिक ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, वाहून नेऊ लागतं. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, तेवढा व्होल्टेज. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, भरपूर असेल तर ०.१. १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा हे प्रमाण जुळतं, त्या जागी व्होल्टेज ०.४५ च्या आसपास झपकन उडी मारतो. १९७६ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्हॉल्व्हो गाड्यांत बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा आला. आज हल्लीच्या दुचाकींच्या सायलेन्सरलाही तो दिसतो.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती स्कॅनरवरच्या आलेखाची. गरम इंजिनात पहिल्या सेन्सरची रेघ सतत वर-खाली नाचते, कारण कॉम्प्युटर पेट्रोल किंचित वाढवतो, किंचित कमी करतो. दुसऱ्याची रेघ जवळपास स्थिर राहते, कारण मधला कन्व्हर्टर तो चढउतार पचवतो. दुसरीही पहिलीसारखी नाचू लागली, तर संशय कन्व्हर्टरवर घ्यायचा. (नव्या गाड्यांत पहिला सेन्सर अनेकदा वेगळ्या जातीचा असतो, त्याची रेघ अशी नाचत नाही.)

भावाच्या गाडीचा एक प्लग काढला. काळा, काजळी धरलेला. मी थबकलो. कॉम्प्युटर म्हणतोय पेट्रोल कमी, आणि प्लग सांगतोय पेट्रोल जास्त! दोन्ही खरं असेल, तर जो ऑक्सिजन सेन्सरला दिसतोय तो इंजिनातून आलेलाच नाही.

मॅनिफोल्डच्या पॅकिंगपाशी काळा ओघळ होता. इंजिन चालू केलं, भावानं टेलपाइपवर क्षणभर जाड फडकं धरलं, आणि त्या ओघळापाशी चट-चट आवाज स्पष्ट ऐकू आला. (हे मोकळ्या जागेत आणि इंजिन गार असतानाच करावं; धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.) धूर झटक्याझटक्यानं बाहेर पडतो आणि दोन झटक्यांच्या मधे पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होतो. तेवढ्यात फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. नवा सेन्सरही तेच सांगणार होता. प्लग मिस होत असेल तेव्हाही असंच फसायला होतं: न वापरला गेलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो.

सेन्सर स्वतः बिघडतच नाही असं नाही. पी ०१३५ आला तर त्याच्या आतल्या हीटरचं सर्किट तपासा: फ्यूज, कपलर, मग मल्टिमीटरनं हीटरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स. तो काही ओहम यायला हवा. मीटरवर हीटरच तुटलेला दिसला तर सेन्सर गेला. टोकावर पांढरी पूड असेल तर चुकीच्या जागी लावलेल्या सिलिकॉन सीलंटचा संशय घ्या.

पॅकिंग बदललं. आठवडाभरात अ‍ॅव्हरेज पूर्ववत झालं. जुना सेन्सर भावानं डिकीत ठेवला होता, तो मी व्हाइसमध्ये धरला, सिग्नलच्या दोन वायरींना मल्टिमीटर जोडला आणि टोक गॅस टॉर्चच्या ज्योतीत बुडवलं. टोक तापलं तसा आकडा चढत ०.८ वर गेला. ज्योत बाजूला घेतली, तो लगेच खाली आला. परत धरली, परत चढला. भाऊ मीटरकडे बघतच राहिला.