पाणथळ जागा (बेळगाव सीमाभाग)

पाणथळ जागा म्हणजे वर्षभर किंवा काही महिने उथळ पाण्याखाली राहणारी, निदान ओलीने भिजलेली जमीन. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झालेल्या पाणथळ संवर्धनाच्या कराराची व्याख्या याहून ऐसपैस आहे. तीत नैसर्गिक आणि मानवनिर्मित, वाहते आणि साचलेले, गोडे आणि खारे असे सगळे पाणी बसते. भारत या करारात १९८२ साली सामील झाला.

बेळगावच्या दक्षिणेस शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारांत पाणथळ असे वेगळे दाखवावे लागत नाही. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी शेतांत पसरते आणि भात त्यातच उभे असते. कापणीनंतर मातीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो. रब्बीला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. पसरलेले पाणी संथ होते, गाळ खाली बसतो, थोडे मुरून विहिरींना मिळते. चिखलात हवा पोचत नाही, त्यामुळे तिथले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. सांडपाणी काही अंशी निवळते ते असे. याच चिखलातून हवा तापवणारा मिथेन वायूही सुटतो, हे गुणगान करताना सहसा सांगितले जात नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांतून उथळ पाण्यात येतात ते अंडी घालण्यासाठी.

नाल्यात गाळ आणि जलपर्णी माजली की पाणी ओसरत नाही, शेतात दिवसचे दिवस तुंबते आणि पीक कुजते. पाण्याचे येणे आणि जाणे दोन्ही हवे; यातले एक अडले की पाणथळीची नुसती बुडीत जमीन होते.

देशाच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांतून मात्र नदीपात्रे, भातखाचरे आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे बेळगावला पाणी पुरवणारा मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय गेला आणि बळ्ळारी नाल्याकाठची खाचरेही गेली. जिल्ह्यातली ओली जमीन मुख्यतः अशीच असल्याने नियमाच्या जाळ्यात फारसे काही उरत नाही. गोकाक तालुक्यात धुपदाळ बंधाऱ्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात करकोचे उतरतात. तो बंधाराही सिंचनासाठीच बांधलेला. पण तिथे घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या पाण्याला संरक्षण मिळाले ते पक्ष्यांमुळे.