स्टॅटिक आयपी अन् रिझर्वेशन: आकडा तोच, पण लक्षात कोणाच्या?

परवा मावसभावाचा फोन, "दादा, सर्व्हर सापडूनच नाही राह्यला, अन् मी तं स्टॅटिक आयपी टाकला होता." म्हटलं बाप्पा, स्टॅटिक टाकलेला आयपी, म्हणजे नेटवर्कातला कायमचा नंबर, आपल्या मनानं बदलत नसते, तू टाकला कुठं होता ते सांग. तं म्हणे राउटरच्या पेजवर. मंग तो स्टॅटिक नाहीच ना राजा, ते रिझर्वेशन झालं. दोन्हीत सर्व्हरचा नंबर १९२.१६८.१.५० असाच दिसते म्हणून सगळे दोन्हीले स्टॅटिकच म्हणतात, अन् लफडं झालं की एक जण सर्व्हरची फाइल उकरत बसते जेव्हा दोष राउटरात असते, नाही तं उलटं.

आपल्या आठवडी बाजाराचं घ्या. एक भाजीवाली ठेकेदाराले विचारत नाही काही नाही, दर बुधवारी कडुलिंबाखाली ताडपत्री टाकून बसते. हा स्टॅटिक. नंबर सर्व्हरच्या स्वतःच्या फाइलीत लिहिलेला, तो कोणाले विचारत नाही. दुसरीचं नाव ठेकेदाराच्या वहीत आहे, ती येते, विचारते, ठेकेदार वही पाहते अन् म्हणते तुमची जागा तीच, बसा. हे रिझर्वेशन. सर्व्हर साधा डीएचसीपीवरच (राउटरकडून आपोआप नंबर घ्यायची पद्धत) असते, दर वेळी मागूनच घेते, फक्त राउटरनं त्याच्या नेटवर्क कार्डाची ओळख म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस पाहून तोच नंबर द्यायचा असं ठरवलेलं असते.

आता बाजारच दुसऱ्या मैदानात हलवला तं? आमच्याकडं हे लय वेळा होते, विजेनं नाही तं व्होल्टेजनं राउटर जळते, नेटवाला माणूस नवीन बसवून जाते, अन् जुना १९२.१६८.१.१ वर होता तं नवा निघते १९२.१६८.०.१ वर. ताडपत्रीवाली अजूनही जुन्या मैदानात कडुलिंबाखाली एकटीच बसून आहे. सर्व्हर चालू, लाइट लुकलुकते, पण घरातल्या एकाही मोबाइलले दिसत नाही, अन् त्याच्या फाइलीतला गेटवे, म्हणजे बाहेर जायचा राउटरचा नंबर, आता जगात नाही म्हणून त्याले बाहेरचं नेटही नाही. वहीवालीचं काय होते? नवीन ठेकेदार, कोरी वही, तिले कुठली तरी दुसरी जागा भेटते. नंबर गेला, पण ती बाजारात तं आहे, राउटरच्या यादीत नाव पाहून सापडते. म्हणून ज्याच्या घरी राउटर सारखे बदलतात अन् सर्व्हरले स्क्रीन-कीबोर्ड लावायची सोय नाही त्यानं रिझर्वेशनच करावं असं माझं मत. स्टॅटिकवाला अडकलाच तं आपल्या लॅपटॉपले थोड्या वेळापुरता हातानं १९२.१६८.१.१० द्यायचा, वायर त्याच राउटरले, अन् मंग जुन्या नंबरवर एसएसएच करून (लॅपटॉपवरूनच सर्व्हरले हुकूम द्यायची सोय) आत शिरायचं.

पण रिझर्वेशनचीही एक गोम आहे अन् मावसभावाचं तेच झालं होतं. जूनच्या पहिल्या पावसात त्याच्या सर्व्हरचा, म्हणजे डेस्कटॉपचा, लॅन पोर्ट (नेटची वायर लागते तो) गेला, त्यानं यूएसबीवाला लॅन अडॅप्टर लावला. कार्ड नवीन म्हणजे मॅक नवीन, अन् राउटरच्या वहीत तं जुन्याच कार्डाचं नाव. त्यानं मिंट (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेलं आहे, तिथं नेटवर्कमॅनेजर हा नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम नवीन कार्डाले आपोआप डीएचसीपीवर घेते, म्हणून भलताच नंबर घेऊन सर्व्हर मजेत चालू होता. माझ्या उबुंटू (हेही लिनक्सच) सर्व्हरवर हेच झालं असतं तं नंबरच भेटला नसता, कारण तिथली नेटवर्कची सेटिंग नेटप्लॅनच्या फाइलीत असते, तिच्यात कार्डाचं नाव लिहिलेलं असते अन् यूएसबी अडॅप्टर वेगळ्याच नावानं येते. म्हणजे कारण एकच, पण एकाकडं नंबर बदलला अन् दुसऱ्याकडं नंबरच नाही.

कोणतं आहे हे ओळखायचं कसं? सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये आयपी ए (ip a) मारा. नंबरच्या ओळीत डायनॅमिक (dynamic) असा शब्द असन अन् खाली सेकंदांचा उलटा मोजणारा आकडा असन तं डीएचसीपी, म्हणजे राउटरकडं पाहा. तिथं फॉरएव्हर (forever) असन तं बहुतेक स्टॅटिक, सर्व्हरची फाइल पाहा. आयपी आर (ip r) मध्ये डीफॉल्टच्या ओळीतही प्रोटो डीएचसीपी की प्रोटो स्टॅटिक ते दिसते. आणि एकाच कार्डावर दोन नंबर दिसले तं समजा दोन्ही एकदम चालू आहेत: नेटप्लॅन आपल्या फोल्डरातल्या सगळ्या फाइली एकत्र करते, एकीत डीएचसीपी चालू राहून गेला अन् दुसरीत आपण हातानं नंबर टाकला की दोन्ही लागतात. उबुंटूत ती पहिली फाइल बरेचदा क्लाउड-इनिटनं (पहिल्या वेळची सेटिंग करणारा प्रोग्राम) बनवलेली असते.

स्टॅटिकवाल्याची सगळ्यात वाईट दुखणी म्हणजे टक्कर. राउटर शेवटचा आकडा १०० ते २०० असलेले नंबर वाटते अन् तुम्ही मधातच १२० टाकून ठेवला. सर्व्हर चालू आहे तोवर काही होत नाही, बरेच राउटर नंबर द्यायच्या आधी तिथं कोणी आहे का ते पाहून घेतात. पण लाइन गेली, आली, राउटर आधी उठला, सर्व्हर उठेपर्यंत पाहुण्याच्या मोबाइलले १२० देऊन मोकळा. मंग सर्व्हर कधी लागते कधी नाही, अन् पाहुणा गावाले गेला की आपोआप बरा होते, आपण म्हणतो काहून बरं! स्टॅटिक टाकायचा तं वाटपाच्या बाहेरचा टाका, ५० वगैरे. तसंच पिंग ८.८.८.८ (बाहेरच्या एका नंबरले हाक मारून पाहणं) चालते पण साइट नावानं उघडत नाही, हेही स्टॅटिकचंच दुखणं जास्त, कारण डीएनएस (साइटच्या नावावरून नंबर सांगणारा) हातानं लिहायचा राहून जाते, डीएचसीपीत तो राउटरच देते.

नेटप्लॅनची फाइल बदलली की सरळ अप्लाय नका करू, नेटप्लॅन ट्राय (netplan try) करा, १२० सेकंदांत एंटर नाही मारला तं जुनी सेटिंग परत येते, दूरून करत असाल तं हे देवासारखं आहे. फाइलीत ओळ आत सरकवायले टॅब नको, स्पेसच द्या, अन् जुन्या लेखांतला गेटवे४ (gateway4) आता मोडीत निघाला, त्याच्या जागी राउट्स (routes) मध्ये टू डीफॉल्ट (to: default) अन् व्हाया (via) लिहायचं. रास्पबेरी पायवाल्यांनो, २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्कमॅनेजर आहे, जुन्या डीएचसीपीसीडीच्या फाइलीत कितीही लिहा, ते कोणी वाचत नाही.

अन् नेटवाले महिन्याचे जास्तीचे पैसे घेऊन जो स्टॅटिक आयपी देतात तो या दोघांपैकी एकही नाही, तो घराबाहेरचा नंबर, घरातला सर्व्हर हरवला तं त्याचा काडीचा उपयोग नाही.

मावसभावाले म्हटलं राउटरच्या पेजवर जुन्या मॅकची ओळ काढ, नवीन मॅकची टाक, सर्व्हर रिस्टार्ट कर. दहा मिनिटात ५० वर आला. मंग म्हणे, "दादा, म्हणजे स्टॅटिक झालं ना आता?"