व्ह्यू दिलात, मग टेबलवर सिलेक्ट कशाला?

परीक्षा विभागाला बॅकलॉगवाल्यांची यादी हवी, लेखा विभागाला थकीत शुल्क, वसतिगृहाला यंदाच्या प्रवेशितांची नावं. दर वेळी मेल, मग स्मरणपत्र, मग एक्सेल फाइल. या फेऱ्या वाचाव्यात म्हणून विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांना थेट डेटाबेसमधून वाचू द्यायचं ठरतं, आणि तिथेच रीड-ओन्ली लॉगिन (फक्त वाचता येणारं खातं) आणि रिपोर्ट व्ह्यू (टेबलांतला निवडक भाग टेबलासारखा दाखवणारी, नाव देऊन साठवलेली क्वेरी) यांची सरमिसळ सुरू होते. कर्मचाऱ्याला काय बदलता येणार नाही, हे रीड-ओन्ली लॉगिन ठरवतं. त्याला काय दिसेल, हे व्ह्यू ठरवतो. खालचं सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल आहे, पण मायएसक्यूएलमध्येही व्ह्यू डीफॉल्टने डिफायनरच्या, म्हणजे तो ज्याच्या नावावर आहे त्याच्या, हक्काने चालतो, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्ह्यू व टेबल यांचा मालक एकच असला की तोच न्याय लागतो.

रीड-ओन्ली लॉगिन तुम्हाला तोंडपाठ असेल: डेटाबेसला कनेक्ट, स्कीमावर (टेबलं-व्ह्यू ठेवायच्या कप्प्यावर) यूसेज म्हणजे आत शिरण्याचा हक्क, टेबलांवर सिलेक्ट म्हणजे वाचण्याचा हक्क. ‘ऑल टेबल्स’वर दिलेला सिलेक्ट फक्त त्या घडीला असलेल्या टेबलांना लागतो. पुढच्या टेबलांसाठी आल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस ही कमांड लागते, आणि तेही ज्या रोलने (डेटाबेसमधल्या खात्याने) टेबलं तयार होणार त्याच रोलसाठी लिहावं लागतं. रोलवर डीफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली हे फक्त वाचू देणारं सेटिंग चालू केलं म्हणून निश्चिंत होऊ नका, वापरणारा ते एका सेट कमांडने बंद करू शकतो. स्टेटमेंट_टाइमआउटचंही (क्वेरीच्या वेळमर्यादेचंही) तेच.

‘नुसतं वाचतोय, त्याने काय बिघडणार’ हे वाक्य मात्र डोक्यात जातं. कुणी तासभर चालणारी क्वेरी सोडली आणि त्याच वेळी त्या टेबलवर आल्टर टेबल (टेबलची रचना बदलणारी कमांड) आलं, तर आल्टर त्या क्वेरीमागे थांबतं आणि नंतर आलेल्या सगळ्या क्वेऱ्या आल्टरमागे रांग लावतात. अर्ज भरण्याचं पोर्टल अडकतं आणि बोल लावला जातो सर्व्हरला.

आता खरा घोळ. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) व्ह्यू तयार करतो, लेखा विभागातल्या कर्मचाऱ्याला त्यावर सिलेक्ट देतो, कर्मचारी क्वेरी चालवतो आणि ‘परमिशन डिनाइड’ येतं. मग कुणीतरी घाईत मूळ टेबलांवरही सिलेक्ट देऊन टाकतं. कधीकधी एरर खरंच जातो, आणि त्यातूनच ‘व्ह्यूला टेबलचीही परवानगी लागते’ हा गैरसमज घट्ट बसतो. पण त्या क्षणी व्ह्यू निव्वळ शोभेचा उरतो. शुल्काचे चार कॉलम बघण्यासाठी आलेल्या माणसाला आता बँक खातं, पालकांचं उत्पन्न, अपंगत्वाची नोंद, सगळं उघडं आहे. कुठलंही रिपोर्टिंग साधन त्या लॉगिनने जोडलं की टेबलांची यादी समोर हजर.

डेटाबेस तपासतो ते असं: क्वेरी चालवणाऱ्याला व्ह्यूवर सिलेक्ट आहे का, आणि व्ह्यूच्या मालकाला आतल्या टेबलांवर सिलेक्ट आहे का. दोन प्रश्न, दोन वेगळी माणसं. कर्मचाऱ्याला टेबलवर हक्क लागत नाही, टेबल ज्या स्कीमात आहे तिचं यूसेजही लागत नाही. फक्त व्ह्यूच्या स्कीमाचं यूसेज आणि व्ह्यूवर सिलेक्ट, बस.

म्हणून एरर आला की आधी तो पूर्ण वाचा. कशाचं नाव घेतलंय ते बघा. स्कीमाचं नाव असेल तर रिपोर्टच्या स्कीमावर यूसेज द्यायचं राहिलंय. व्ह्यूचं नाव असेल तर व्ह्यूवरचा सिलेक्ट राहिलाय. व्ह्यू चालवूनही टेबलचं नाव येत असेल तर व्ह्यूच्या मालकाला त्या टेबलवर हक्क नाही, किंवा व्ह्यूवर सिक्युरिटी_इन्व्होकर चालू आहे. २०२२ मध्ये आलेल्या १५व्या आवृत्तीपासून मिळणारा हा पर्याय वरचा नियम उलटा करतो: टेबलचे हक्कही क्वेरी चालवणाऱ्याचे तपासले जातात. तो मुद्दाम चालू केला नसेल तर काढून टाका. व्ह्यूमध्ये तुमचं स्वतःचं फंक्शन वापरलं असेल तर तेही चालवणाऱ्याच्याच हक्काने चालतं, सिक्युरिटी डिफायनर म्हणून, म्हणजे मालकाच्या हक्काने चालणारं, केलं असेल तेवढाच अपवाद.

काल चाललेला व्ह्यू आज ‘परमिशन डिनाइड फॉर व्ह्यू’ म्हणतो, त्याचं नेहमीचं कारण असं. क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यूने फक्त शेवटी कॉलम जोडता येतात; असलेला कॉलम काढता येत नाही, त्याचं नाव किंवा टाइप बदलता येत नाही. मग लोक व्ह्यू ड्रॉप करून नव्याने करतात आणि सगळे ग्रँट (दिलेले हक्क) त्याबरोबर जातात. व्ह्यूची व्याख्या आणि त्याचे ग्रँट एकाच स्क्रिप्टमध्ये ठेवा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

मालक कोण, हे ठरवण्यात आळस नको. व्ह्यू डीबीएच्या वैयक्तिक लॉगिनने केला असेल तर तो माणूस गेल्यावर रोल ड्रॉप होत नाही, आधी रीअसाइन ओन्ड करून मालकी दुसऱ्याकडे द्यावी लागते. सुपरयूजर मालक असेल तर रो-लेव्हल सिक्युरिटीची (कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हे ठरवणारी) सगळी पॉलिसी त्या व्ह्यूपुरती निष्प्रभ. लॉगिन नसलेला एक वेगळा रोल करा, त्याला लागतील तेवढ्याच टेबलांच्या लागतील तेवढ्याच कॉलमांवर सिलेक्ट द्या, आणि रिपोर्टच्या स्कीमातले सगळे व्ह्यू त्याच्या नावावर ठेवा. व्ह्यूमध्ये पुढे चुकून बँक खातं घातलं गेलं, तरी मालकालाच हक्क नसल्याने ते बाहेर येणार नाही.

प्रत्येक विभागाला आपापलेच विद्यार्थी दिसावेत, यासाठी प्रत्येकाचा वेगळा व्ह्यू करत बसू नका. व्ह्यूच्या आत करंट_यूजर लिहिलं तर ते मालकाचं नाही, क्वेरी चालवणाऱ्याचं नाव देतं. लॉगिन आणि विभाग यांची जोडी ठेवणारं एक टेबल घ्या, त्याच्याशी जॉइन करा आणि व्ह्यूवर सिक्युरिटी_बॅरियर लावा, नाहीतर कुणी स्वतःचं फंक्शन वापरून गाळलेल्या ओळीही वाचू शकतो. अर्थात यासाठी प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन हवं. विभागात एकच पासवर्ड चिकटपट्टीने मॉनिटरला लावलेला असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही.

तपासायला एक मिनिट लागतं: सेट रोल करून त्या कर्मचाऱ्याच्या रोलमध्ये जा, व्ह्यूवर क्वेरी चालवा, मग थेट टेबलवर. पहिली चाललीच पाहिजे, दुसरी अडलीच पाहिजे. दुसरी चालली तर रिव्होक करून तो हक्क काढा आणि पब्लिकला, म्हणजे सगळ्याच रोलना, काही दिलेलं नाही ना, तेही बघा.

बाकीचे फरक किरकोळ. व्ह्यू जड असेल तर मटीरियलाइज्ड व्ह्यू (निकाल साठवून ठेवणारा) करा. रिफ्रेशच्या वेळी वाचणारे अडू नयेत म्हणून कन्करंटली वापरा, त्यासाठी युनिक इंडेक्स लागतो. वेगळ्या रेप्लिकावर (डेटाबेसच्या चालू प्रतीवर) वाचायला लावणं चांगलंच, पण मुख्य सर्व्हरवरच्या बदलाशी टक्कर झाली तर लांब क्वेरी तिथे मध्येच रद्द होते. डीफॉल्ट सवलत ३० सेकंदांची आहे.

आणि व्ह्यूतून शेवटी एक्सेलच निघणार असेल, तर १६ अंकी नोंदणी क्रमांक असलेली सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडू देऊ नका. एक्सेल १५ अंकांपुढचं सांभाळत नाही, शेवटचा अंक शून्य होतो आणि सुरुवातीचे शून्य गळतात. डेटा टॅबमधून फाइल आयात करून तो कॉलम टेक्स्ट ठेवायला सांगा.