घरगुती चर्मकामाची हत्यारे : निवड आणि निगा

पाकीट, कमरपट्टा, चपला, वहीचे वेष्टन अशा चामड्याच्या वस्तू घरी हाताने करताना लागणारी साधने. कापणे, तासणे, टाक्यांच्या खुणा पाडणे, भोके पाडणे, शिवणे आणि कडा घोटणे (घासून गुळगुळीत करणे) या कामांपुरती ती असतात. प्रत्येक कामाला एकच चांगले हत्यार असले तरी भागते. तीस-चाळीस नगांची तयार पेटी नवशिक्याला मोहात पाडते, पण तिच्यातल्या बऱ्याच हत्यारांचे पोलाद इतके मऊ असते की धार लावली तरी टिकत नाही. हत्यार निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा : याला घरी पुन्हा धार लावता येईल का?

महाराष्ट्रात या कामाचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चर्मकार आणि ढोर समाजांनी सांभाळले. ढोर कातडी कमावत, तर चर्मकार वहाणा, मोटा (विहिरीतून पाणी काढायच्या चामडी पिशव्या) आणि बैलांच्या साजाचे चामडी काम करीत. इंजिने व विजेचे पंप आले आणि मोट गेली, पण रापी (कापायची सुरी) व आरी (शिवायचे टोकदार हत्यार) राहिली. संत रोहिदासांच्या चित्रांतही ही हत्यारे जवळ ठेवलेली दिसतात. कोल्हापुरी चपलेचे बरेचसे काम आजही घरांत चालते. तळ खिळ्यांऐवजी चामड्याच्या वादीने शिवतात आणि वेणी घालण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून आहे. अशा घरातल्या कारागिराची हत्यारे एका पिशवीत मावतात. शहरात हौस म्हणून हे काम शिकणाऱ्याने दुकानात शिरण्यापूर्वी ती पिशवी पाहावी.

चामडे आधी ठरवावे, हत्यारे नंतर. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले चामडे घट्ट असते, ओले केले की आकार घेते आणि त्याची कड घोटून चकचकीत होते. क्रोम क्षारांनी कमावलेले चामडे मऊ व लवचिक असते. मुंबईत धारावीच्या दुकानांत पिशव्या-जाकिटांसाठी दिसते ते बहुतेक हेच. त्याची कड कितीही घासली तरी घोटली जात नाही, तिला रंगाचा थर द्यावा लागतो किंवा ती दुमडावी लागते. म्हणजे क्रोम चामड्यावरच काम करायचे असेल तर कड गोल करणारे हत्यार आणि घोटणी यांवरचा खर्च वाया जातो. हे दुकानदार सहसा सांगत नाही. जाडीही आधीच पाहावी. पाकिटाला १ ते १.५ मिलिमीटर आणि कमरपट्ट्याला ३ ते ४ मिलिमीटर जाडी लागते. परदेशी माहितीत जाडी औंसात दिलेली असते, तिथे १ औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर धरावा.

कापण्याचे पारंपरिक हत्यार म्हणजे रापी. रुंद पाते, पुढे किंचित गोलाई असलेली धार आणि आखूड मूठ असे तिचे रूप असते. सरळ कापणे, वळणावर कापणे आणि कड तासून पातळ करणे ही तिन्ही कामे ती करते. युरोपातील खोगीर बनवणारे यासाठी अर्धचंद्राकृती सुरी वापरतात, तर जपानी कारागीर पटाशीसारखी सरळ धारेची सुरी पसंत करतात. यांपैकी कोणतीही घेतली तरी चालेल, मात्र धार लावण्याची तयारी हवी. ती नसेल तर तुकडे मोडत जाणाऱ्या पात्याचा साधा कटर अधिक प्रामाणिक ठरतो. ओसाकातील ओल्फा कंपनीच्या संस्थापकाने १९५६ मध्ये काढलेली ही कल्पना पातळ चामड्याला पुरेशी आहे. तासण्यासाठी मात्र कटर निरुपयोगी असतो, कारण त्याचे पाते वाकते.

जुन्या करवतीच्या पात्यापासून केलेली सुरीही अनेक कारागिरांकडे दिसते. यंत्रावर चालणाऱ्या करवतीचे पाते हायस्पीड पोलादाचे असेल तर घासताना तापले तरी त्याचा कडकपणा सहज जात नाही. साध्या कार्बन पोलादाचे तसे नाही. ग्राइंडरवर धरून त्याची धार निळी पडली की पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. तो निळा भाग पूर्ण घासून काढेपर्यंत ती सुरी बोथटच होत राहणार. म्हणून कार्बन पोलादाचे पाते यंत्रावर घासताना दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवावे, नाहीतर सरळ दगडावरच हाताने घासावे.

धार लावणे ही या कामातली खरी विद्या. पात्याला खाचा पडल्या असतील तर ४०० च्या आसपासचा खरबरीत दगड, नेहमीसाठी १०००, आणि शेवटी ३००० ते ६००० अशी चढण घ्यावी. आकडा वाढतो तसा दगड बारीक होत जातो. पात्याचा उतार दगडावर सपाट टेकतो की नाही हे नवख्या हाताला कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे उतारावर मार्कर पेनाने रंग द्यायचा, दोन-चार वेळा घासायचे आणि रंग कुठे राहिला ते पाहायचे. फक्त टोकाकडचा रंग गेला तर हात फार उभा आहे, आणि मागचा गेला तर फार निजला आहे. घासत राहिल्यावर विरुद्ध बाजूला नखाला जाणवणारा बारीक उलटलेला काठ येतो, वर्कशॉपमध्ये त्याला बर म्हणतात. पात्याच्या संपूर्ण लांबीवर बर आल्याशिवाय पुढच्या दगडाकडे जाऊ नये. अर्ध्याहून अधिक लोकांची धार इथेच फसते, असे माझे मत आहे. दगड स्वतःही मधे खोलगट होतो. काचेवर २२० चा पॉलिशपेपर चिकटवून त्यावर तो अधूनमधून सपाट करून घ्यावा.

दगडानंतर चामड्याची पट्टी. लाकडी फळीवर चामड्याचा तुकडा चिकटवून त्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी घासली की झाले. न्हावी वस्तरा ज्या पट्ट्यावर फिरवतात, त्याच जातीची ही गोष्ट. पाठ पुढे, धार मागे अशा दिशेनेच पाते ओढायचे, उलट ओढल्यास पट्टी कापली जाते. दाब हलका ठेवावा, कारण जोर दिला की चामडे दबून धारेभोवती वर येते आणि धार गोल होते. काम चालू असताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी पट्टीवर चार-सहा हात मारले तर दगडाची पाळी क्वचितच येते. धार पाहायला अंगठा नको. टाकाऊ चामड्याच्या कडेचा केसाएवढा पापुद्रा न अडखळता निघाला की ती पुरेशी झाली.

शिलाईची दोन घराणी आहेत. आपल्याकडचा कारागीर टोकाजवळ खाच असलेली आरी वापरतो. ती चामड्यातून आरपार जाते, खालचा दोरा खाचेत अडकवून त्याचा फासा वर ओढला जातो आणि त्यातून दुसरा दोरा जातो. सरावलेल्या हाताला हा वेग शिलाईयंत्राची आठवण करून देतो. दुसरी रीत खोगिरी टाक्याची. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन बोथट सुया लावतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. घरी सावकाश काम करणाऱ्याला ही रीत सोयीची. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा घ्यावा, जाड चामड्याला आणखी थोडा.

या रीतीत भोकांची ओळ सरळ आणि समान अंतराची हवी, त्यासाठी दातेरी छिन्नी लागते. पॅरिसच्या ब्लांशार (स्थापना १८२३) कंपनीची अशी हत्यारे या क्षेत्रात नावाजलेली आहेत, पण त्यांची किंमत नवशिक्याला झेपणारी नाही. ३ ते ४ मिलिमीटर अंतराच्या दोन छिन्न्या घ्याव्यात : सरळ ओळीसाठी चार किंवा सहा दात्यांची आणि वळणासाठी दोन दात्यांची. दात्यांच्या बाजू खडबडीत असतील तर बारीक पॉलिशपेपर व हिरवी वडी लावून त्या गुळगुळीत कराव्यात आणि मारण्यापूर्वी दाते मेणात टोचावेत. छिन्नी अडकली की डावी-उजवीकडे हलवून काढण्याची इच्छा होते, ती आवरावी, कारण दाते वाकतात. चामडे हाताने दाबून छिन्नी सरळ वर ओढावी.

ठोकण्यासाठी लाकडी किंवा नायलॉनची मोगरी असावी. लोखंडी हातोड्याने छिन्नीचे डोके फुटून पसरते. खाली दगड आणि त्यावर जाड प्लास्टिकची पाटी ठेवावी, म्हणजे आरपार गेलेले दाते दगडावर आपटत नाहीत. स्वयंपाकघराच्या ओट्याचे काम करणाऱ्याकडे ग्रॅनाइटचा तुकडा स्वस्तात मिळतो. कडप्पा नको, तो ठोकण्याने तडकतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने दगडाखाली रबरी चटई घालावी आणि टेबलाच्या बरोबर पायावर ठोकावे. आवाज निम्मा होत नाही, पण खालच्यांची तक्रार जरा उशिरा येते.

भोके पाडायच्या गोल पंचाला धार बाहेरून लावतात, आतला कडेपर्यंतचा भाग फक्त पुसायचा. कड गोल करणाऱ्या हत्याराच्या खाचेत दगड शिरत नाही, म्हणून जाड दोऱ्याला हिरवी वडी चोळून तो खाचेतून मागेपुढे ओढतात. कड घोटायला खाच असलेली लाकडी घोटणी आणि भिजवलेला कतिरा डिंक पुरे. उन्हाळ्यात सरबतात घालतात तोच, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो.

वनस्पतिज चामड्यासाठी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते. त्यातील टॅनिन आणि लोह ओलाव्यात एकत्र आले की निळसर काळा डाग पडतो. ओल्या चामड्यावर गंजकी आरी टेकवली, लोखंडी वाटीतल्या पाण्याने ते भिजवले किंवा पात्यावरचा लोखंडाचा कीस तसाच राहिला, तरी एवढे पुरते. नक्षीचे ठसे क्रोमचा मुलामा दिलेले असतात याचे हेही एक कारण. दगडावर धार लावल्यावर पाते आणि हात दोन्ही धुवावेत. डाग ताजा असेल तर ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावाने जातो. ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि नंतर चामडे स्वच्छ पाण्याने पुसावे.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पाते एका रात्रीत गंजते. काम संपल्यावर ते कोरडे पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. जवसाचे तेल पात्याला लावू नये, ते सुकून चिकट थर धरते. लाकडी मुठीला मात्र तेच उत्तम. बहुतेकांना चामड्याच्या म्यानात सुरी ठेवणे शोभेचे वाटते, पण चामडे ओल धरते आणि त्यात आम्ल व क्षारही असतात, त्यामुळे महिनोन्‌महिने म्यानात राहिलेले पाते आतून खाल्ले जाते. धारेवर बुचाचा तुकडा किंवा प्लास्टिकची पन्हळ घालून हत्यारे झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे बरे.

जुन्या बाजारातील गंजकी रापी घ्यायला हरकत नाही. पाते सरळ आहे का, धारेजवळ खोल खड्डे नाहीत ना आणि मुठीत ते हलत नाही ना, एवढे पाहावे. वरवरचा गंज व्हिनेगरमध्ये काही तास ठेवून, घासून, सोड्याच्या पाण्याने धुतल्यास निघतो. खड्डे धारेपर्यंत पोहोचले असतील तर तितके पोलाद घासून टाकावे लागते, आणि आखूड झालेल्या पात्यात ते परवडत नाही.