मोर्चा फ्लोरा फाउंटनलाच का गेला?

हुतात्मा चौकात दरवर्षी १ मे आणि २१ नोव्हेंबरला नेतेमंडळी फुलं वाहतात, पेपरात फोटो येतो, विषय संपला. पण १९५५ मध्ये मुंबईसह मराठी राज्यासाठी निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार त्याच चौकात, म्हणजे तेव्हाच्या फ्लोरा फाउंटनला, का झाला ते कोणी फारसं सांगत नाही, आणि मला तर तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी इथे फोर्टची तटबंदी होती आणि तिला चर्चगेट नावाचा दरवाजा, पुढे स्टेशनला तेच नाव पडलं. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात ती भिंत पाडली आणि १८६४ मध्ये दरवाजाच्या जागेजवळच फ्लोरा फाउंटनचं कारंजं उभं राहिलं. फ्लोरा म्हणजे रोमन लोकांची फुलांची देवी. गंमत म्हणजे कारंजं मुळात भायखळ्याला राणीच्या बागेत बसवायचं ठरलं होतं! भिंत गेली तरी रस्ते मात्र अजून दरवाजाकडेच यायचे, बोरीबंदरकडून हॉर्नबी रोड म्हणजे आताचा डी. एन. रोड, स्टेशनकडून वीर नरिमन रोड आणि खाली काळा घोड्याकडे जाणारा एम. जी. रोड. ट्रामसुद्धा इथूनच जायची.

आता १९५५ मध्ये या. राज्यांची फेररचना कशी करायची यावर फाजल अली कमिशनचा रिपोर्ट आला, मग काँग्रेसने महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर वेगळं अशी तीन तुकड्यांची योजना काढली, म्हणजे ज्या शहराच्या गिरण्या मराठी माणूस चालवत होता तेच शहर त्याच्या राज्यात नाही. मुख्यमंत्री मोरारजी देसाई. २१ नोव्हेंबरला कामगारांनी संप केला आणि मोर्चा विधानसभेवर निघाला. विधानसभा तेव्हा नरिमन पॉइंटला नव्हती बरं का, रीगलसमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये होती, जिथे आज राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. लालबाग-परळकडून तिकडे जायचं तर वाट फाउंटनवरूनच, आणि पोलिसांनाही अडवायला तीच जागा सोयीची. लाठीमार, अश्रुधूर, मग गोळीबार. त्या दिवशी १५ जण गेले.

इथे एक घोळ नेहमी होतो. हुतात्मे १०६ म्हणतात (सरकारी अभिवादनात आता १०७), पण ते सगळे काय याच चौकात पडले नाहीत. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करायचं जाहीर केलं आणि शहर पेटलं, गिरगाव, लालबाग, परळ सगळीकडे गोळ्या चालल्या, जास्त माणसं तेव्हा गेली. फेब्रुवारीत पुण्यात मुंबईसह मराठी राज्य मागणारी संयुक्त महाराष्ट्र समिती झाली, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एसेम (एस. एम. जोशी), प्रबोधनकार ठाकरे असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एका स्टेजवर आले. तरी राज्य मिळायला १ मे १९६० उजाडला. मग चौकाचं नाव बदललं आणि कारंज्याजवळ मशाल धरलेले शेतकरी-कामगार उभे राहिले.

कारंजं स्वतः पुढे बरीच वर्षं कोरडंच होतं, २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पाणी आलं, त्या कामात रस्त्याखाली ट्रामचे जुने रूळही सापडले. २०२५ पासून खाली मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशन आहे, वरळीच्या आचार्य अत्रे चौकातून बसलात की थेट इथे. मोर्च्यांना मात्र ही वाट आता बंद, ते आझाद मैदानातच थांबवतात, फाउंटनच्या बरंच अलीकडे.